मशीनला आधी दिसायला हवं

आमच्या टीव्हीला मागे एकच गोल भोक आहे. अँटिनाची पिन त्यात जाते, दुसरं काही जात नाही. टीव्ही जुना आहे, जड आहे, दोन माणसांशिवाय हलत नाही, पण चित्र स्वच्छ देतो. जी वस्तू काम करते ती मी टाकत नाही.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. तेव्हा केबल साधी होती, घरोघरी सेट-टॉपचे डबे बसवायचे दिवस यायचे होते. मुलगा भद्रावतीजवळ कोळशाच्या खाणीत कामाला आहे. मी त्याला फोन करून म्हटलं, तुझ्याकडचं रेकॉर्ड करायचं मशीन आठ दिवसांसाठी आणून दे. तो रविवारी बसने आला, मशीन चादरीत गुंडाळून. चपटं, चांदीच्या रंगाचं, हातात घेतलं तर आत काही आहे की नाही असं वाटावं इतकं हलकं. त्यात कॅसेट नाही, सीडी घालायची; मुलगा तिला डीव्हीडी म्हणतो, मला सगळ्या सीडीच. टीव्हीवर लागलेला कार्यक्रम त्या सीडीवर उतरतो.

मुलाने टीव्ही फिरवला, मागे वाकून पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"माय, हे नाई होत. याच्या तीन पिना आहेत आन् तुह्या टीव्हीले एकच भोक. नवा टीव्ही घे."

"एका सीडीसाठी टीव्ही घेऊ?"

"मंग माह्या घरी चाल. तिथी पाह्य निवांत."

"तिथी आपली केबल दिसते का?"

दिसत नव्हती. आमचा केबलवाला नागभीडच्या आसपासच्या आमच्यासारख्या गावांना केबल देतो आणि एक चॅनल त्याचं स्वतःचं आहे. त्यावर तो कुणाच्या लग्नाची शूटिंग लावतो, कधी कबड्डीचे सामने लावतो. येत्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तो झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या भागातल्या एका कंपनीचं, नाटक लावणार होता. त्या नाटकात माझी मुलगी काम करत होती. तिला मी नाटकात कधीच पाहिलं नव्हतं.

त्याच शुक्रवारी आमच्या तलावात मोठं जाळं टाकायचं ठरलं होतं. पाणी उतरलं की आम्ही सगळे मिळून एकदा तलाव ओढतो. प्रत्येक घरातून एक माणूस दोराला लागतो. ज्या घराचं माणूस आलं नाही त्या घराला त्या दिवशीचा वाटा नाही, आणि वाट्यापेक्षाही जास्त म्हणजे वर्षभर बोलणं ऐकावं लागतं. नवरा गेल्यापासून माझ्या घरात मी एकटी. म्हणजे दोराला मीच. म्हणून रेकॉर्डर.

मुलीला पाहिलं का नव्हतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा नवरा मासे धरायचा, तसा गावोगाव व्हीसीआर भाड्याने द्यायचा धंदाही करायचा. लग्न, बारसं, गणपती, पोळा, कुणाला मुलगा झाला, काहीही असलं की लोक व्हीसीआर बोलवायचे. बैलगाडीत धानाचं तणस पसरायचं, त्यावर रंगीत टीव्ही गादीत गुंडाळून ठेवायचा, व्हीसीआर माझ्या मांडीवर. मुलगी लहान होती, ती माझ्या पाठीशी टेकून झोपायची. बोलणी करणं नवऱ्याचं काम. वायरी लावणं माझं. त्याला एकदा विजेचा झटका बसला होता, त्यानंतर तो वायरीला हात लावत नसे. मी चौथीपर्यंत शिकले आहे. मशीनवरची इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती, आजही येत नाहीत. मी जाळ्याच्या दोऱ्याने वायरींवर गाठी मारल्या. चित्राच्या वायरीला एक गाठ, आवाजाच्या वायरीला दोन, अँटिनाच्या वायरीला तीन. वीज मशीनपुरतीच ओढलेली असे, आणि गॅसबत्तीच्या उजेडात रंग ओळखू येत नाहीत, गाठ बोटाला कळते. बारा-तेरा वर्षं तो धंदा केला. एकदाही चुकीची वायर लावली नाही.

व्हीसीआरमध्ये रेकॉर्ड करायचं लाल बटण होतं. त्यावर नवऱ्याने पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावली. कॅसेटी शहरातून भाड्याने आणलेल्या असत. चुकून बटण दाबलं गेलं तर पिक्चर पुसला जाईल आणि दुकानदार कॅसेट गळ्यात मारेल, ही त्याला भीती. त्यामुळे आमच्या मशीनने आयुष्यभर फक्त दाखवलं. ते काही उतरवून घेऊ शकतं हे आम्ही विसरूनच गेलो.

मी मशीनच्या बाजूला बसायची. मध्येच चित्रात रेघा आल्या की मशीन उघडून पांढऱ्या कागदाने हेड पुसायचं असे. टीव्हीचं तोंड लोकांकडे आणि माझंही तोंड लोकांकडे. एवढ्या वर्षांत मी एकही पिक्चर समोरून पाहिला नाही. मी लोकांचे चेहरे पाहिले. पडद्यावर बाई आली की पुरुषांचे चेहरे कसे होतात ते मला तोंडपाठ आहे. कोण खाली पाहतो, कोण शेजाऱ्याला कोपर मारतो, कोण काय ओरडतो. दिवसा जे मला बाई-बाई म्हणून पाणी देत, तेही त्यात असत. मला राग यायचा नाही, धंदा होता. पण मी ते विसरले नाही.

पुढे मुलगी मोठी झाली आणि नाटक कंपनीत गेली. आमच्याकडे धान निघालं की दिवाळीपासून होळीच्या पुढपर्यंत गावोगाव मंडप पडतात, नाटकं होतात, दुरून लोक येतात. कंपनीत जाते म्हणाली तेव्हा मी अडवलं नाही. एवढंच म्हटलं, "जा. पण मी पाहाले येणार नाई." तिने का म्हणून विचारलं नाही. सहा हंगाम गेले. ती घरी यायची, जेवायची, झोपायची, तांदूळ घेऊन जायची. नाटकाबद्दल ती बोलायची नाही, मी विचारायची नाही. मंडपात बसले असते तर मी तिच्याकडे नाही, मागच्या लोकांकडे पाहत बसले असते. ते मला नको होतं. टीव्हीवर मात्र लोक दिसत नाहीत. टीव्हीवर मी तिला एकटीला पाहू शकत होते. म्हणून मला ते नाटक हवं होतं, आणि घरात, दार लावून हवं होतं.

तर मुलगा म्हणाला होत नाही. मी पेटीतून व्हीसीआर काढला. त्याची कॅसेट फिरवायची मोटार कधीच गेली होती.

"आता हे मेलेलं कायले काढतेस?" मुलगा म्हणाला.

"याची मोटार मेली. बाकी जितं आहे."

व्हीसीआरच्या मागे दोन्ही प्रकारच्या जागा होत्या. तीन पिनांतल्या दोन त्यात जात होत्या, एक चित्राची आणि एक आवाजाची, आणि दुसऱ्या बाजूने अँटिनाची वायर निघून टीव्हीच्या एका भोकात जात होती. म्हणजे नवं मशीन जुन्या टीव्हीशी थेट बोलू शकत नव्हतं, पण व्हीसीआर दोघांमध्ये बसला तर बोलू शकत होतं. मी तसंच केलं. नव्या वायरींना जाळ्याच्या दोऱ्याने गाठी मारल्या. मुलगा हसला.

"रंग आहेत न त्याले. पिवळा, पांढरा, लाल."

"तुहे रंग तुह्यापाशी ठेव."

केबलची वायर भिंतीतून येत होती. ती मी व्हीसीआरच्या अँटिनाच्या जागेत घातली, जशी पूर्वी अँटिनाची घालायची. टीव्हीवर केबल आली, सगळे चॅनल दिसले. मग टीव्हीवर व्हीसीआरचा चॅनल शोधला. त्याला अर्धा तास गेला. एक बारीक चक्र नखाने फिरवावं लागतं, जरा जास्त फिरलं की मुंग्या. शेवटी मुलाने आणलेली लग्नाची सीडी नव्या मशीनमध्ये घातली आणि त्याच्या सासऱ्याचं तोंड आमच्या टीव्हीवर आलं. रंगासकट, आवाजासकट.

"मानलं बुवा," मुलगा म्हणाला. मग जरा थांबून नव्या मशीनच्या मागे बोट दाखवून म्हणाला, "माय, इथी एक अँटिनाची जागा रिकामी राह्यली. केबल याच्यात घालाची नसते का आधी?"

"कायले? केबल दिसून राह्यली न टीव्हीवर?"

"दिसून राह्यली."

"सीडी दिसून राह्यली?"

"दिसून राह्यली."

"मंग झालं. मोठी मशीन मी लावली आहे बाबू, तू तवा गादीवर मुतत होता."

लाल बटण कुठलं, एका सीडीवर जास्त वेळ कसा बसवायचा, कोरी सीडी कशी घालायची हे त्याने दाखवलं आणि चारच्या बसने निघून गेला. मी मशीनवर कापड टाकलं. त्या चार दिवसांत मी तीनदा ते कापड उचलून पाहिलं. उगाच.

शुक्रवारी साडेदहाला मी कोरी सीडी घातली, केबलवाल्याचा चॅनल टीव्हीवर लावून बघितला. त्यावर पाटी लागली होती, अकरा वाजता नाटक. लाल बटण दाबलं. लाल दिवा लागला, आकडे पुढे सरकायला लागले. मी टीव्ही बंद केला, पातळ वर खोचलं आणि तलावावर गेले.

तलावाचं इथे जास्त सांगत नाही. दोर ओढला, चिखलात मांड्यांपर्यंत उभे राहिलो, मरळ कमी निघाली, रोहू बरी निघाली. माझ्या पुढे दोराला एक तरुण बाई होती, तिला मी दोनदा म्हटलं की पाय रोव. वाटे पडले. अडीचला घरी यायला निघाले. वाटेत आमच्या गल्लीतल्या बाया ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या घरची माणसं दोराला गेली होती, त्या घरी राहून नाटक पाहत होत्या. मला पाहिलं आणि त्यांच्यातली एक तोंडाला पदर लावून हसली.

"काऊन हसतेस?"

"नाई बाई, काही नाई."

"पाहिलं न तुमी?"

"पाहिलं. मस्त केलं वो पोरीनं. तुमी अजून पाहिलं नाई न? पाहा मंग. ते पोतं सोडते तवा पाहा फक्त."

"काय आहे त्याच्यात?"

"पाहाल तवा समजल," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

मी मासे न साफ करता झाकून ठेवले, हे मी कधी करत नाही. पाय धुतले. दार लावलं. मशीनचा लाल दिवा अजून चालू होता. मशीनवरचं घड्याळ बरोबर होतं, म्हणजे वीज गेली नव्हती. मी रेकॉर्डिंग थांबवलं, सीडी मागे आणून चालू केली आणि खाटेवर बसले.

टीव्हीवर निळं आलं. सुरुवातीला येतं तसं, असं वाटलं. मी वाट पाहिली. निळंच. रिमोटने पुढे पळवलं. निळं. अजून पुढे, एक तास, दोन तास. आकडे नीट पळत होते, मशीन नीट चालत होतं, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं निळं, त्यावर आवाज नाही, काही नाही.

मी उठून मागे पाहिलं. सगळ्या गाठी जागेवर होत्या. एक, दोन, तीन. मी वायर चुकले नव्हते. मग ती रिकामी जागा दिसली, मुलाने बोट दाखवलं होतं ती. खाली बसून मी बोटाने भिंतीपासून केबलची वायर धरत आले. भिंतीतून व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरमधून टीव्हीत. नव्या मशीनमधून दोन वायरी निघत होत्या, त्यात जात मात्र एकही नव्हती. नाटक टीव्हीपर्यंत येत होतं. मशीनपर्यंत येतच नव्हतं. मशीन चार तास समोर काहीच नसताना इमानाने उतरवत बसलं होतं. टीव्हीला दिसतं म्हणून मशीनला दिसत नाही. मशीनला आधी दिसायला हवं, मग त्याने टीव्हीला द्यायचं.

आमच्या धंद्यात वायरी मशीनमधून बाहेर निघत. अँटिनाची पिन कधी लावलीच तर बातम्यांपुरती. मशीनच्या आत काही घालून ठेवायचं असतं हे माझ्या हातांना माहीतच नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला मी गप्प केलं होतं.

मी रडले वगैरे नाही. मासे साफ केले. मग केबलची वायर काढून नव्या मशीनच्या रिकाम्या जागेत घातली, तिथून पुढे व्हीसीआर, तिथून टीव्ही. दहा मिनिटं रेकॉर्ड करून पाहिलं. कुणीतरी खताबद्दल बोलत होतं, ते स्वच्छ उतरलं.

संध्याकाळी केबलवाल्याच्या घरी गेले.

"भाऊ, ते नाटक परत लावता का?"

"कॅसेट कंपनीची व्हती बाई. दुपारीच त्यायचा माणूस घेऊन गेला. हंगाम चालू आहे, लोकायनं घरीच पाहिलं तं तिकीट कोण काढल, म्हणून एकच डाव देतेत." मग मला खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाला, "तुमी नाई पाहिलं?"

"नाई."

"गावची व्हीसीआरवाली बाई आन् तिनंच नाई पाहिलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. मला वाटलं होतं ती नाही करणार. तिने इकडचं तिकडचं विचारलं, तलाव कसा गेला, मरळ निघाली का. मग म्हणाली, "काल दिसलं म्हणे गावात."

"दिसलं. सगळ्यायले दिसलं."

"तुले?"

वीज गेली होती म्हणाले असते तर चाललं असतं. तिला खरं वाटलं असतं, आमच्याकडे वीज जातेच. पण सहा वर्षं मी काही बोलले नव्हते, आता बोलायचं तर खोट्यापासून कशाला सुरुवात करू.

"मी तलावावर होती. मशीन लावून गेली होती रेकॉर्ड कराले. माही वायर चुकली. निळं उतरलं सगळं."

मला तिच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, कंपनीचा स्वयंपाक चालू असावा.

"तुही वायर चुकली?" ती म्हणाली.

"हो."

"तुही?"

"किती डाव सांगू?"

ती हसायला लागली. बराच वेळ हसली. मला वाटलं फोन ठेवावा. मग ती थांबली आणि म्हणाली, "माय, सोमवारी तुह्यापासून तीन गावं सोडून आमचं नाटक आहे. पाच वाजताची बस मंडपापाशीच थांबते. येतेस का?"

"पाहतो."

"येशील तं समोरच्या खुर्चीवर बसजो. मी सांगून ठेवतो. आन् मागं पाहू नको."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? मी पण तुह्याच बाजूले बसत होती न, मशीनपाशी. तू कोणाकडे पाहत होती ते मले का माहीत नाई? मी पण त्यायच्याकडेच पाहत होती."

हे मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं ती झोपलेली असे.

"मंग तरी गेलीस कंपनीत," मी म्हटलं.

"हो. मंग तरी गेली," ती म्हणाली. "येतेस का नाई ते बोल, मले सगळ्यायच्या भाकरी थापाच्या आहेत."

सोमवारी मी पाच वाजताच्या बसने गेले. मशीन त्याआधी मुलाच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरकडे परत दिलं, निळ्या सीडीसकट. मंडपाबाहेर चिवड्याची, चहाची दुकानं लागली होती. समोरच्या रांगेत कडेची खुर्ची माझ्यासाठी खरोखर ठेवली होती, तिच्यावर मुलीचीच शाल टाकलेली होती, म्हणून मला कळली.

पहिल्या अंकात ती नव्हती. त्यात नाच होता, आणि नाचाच्या वेळी मागून शिट्ट्या वाजल्या, ओरडणं झालं, मला माहीत होतं तसंच. तसं नव्हतं असं मी लिहिणार नाही. मी मान ताठ धरून बसले.

दुसऱ्या अंकात ती आली. ती एका मोठ्या घरातली स्वयंपाकीण होती, म्हातारी, केस पांढरे केलेले, पातळ वर खोचलेलं. घरच्या मालकाला तिने दोन वाक्यांत गप्प केलं. मग तिला तांदळाचं पोतं उघडायचं होतं. विळा सापडेना. तिने इकडे तिकडे पाहिलं, पोत्याचं तोंड ओढून घेतलं, सुतळी दाताखाली धरली, मान झटकून तोडली आणि डाव्या बाजूला थू करून तुकडा टाकला.

वायर सोलताना मी तेच करते. आयुष्यभर करत आले. दातांत धरायची, मान झटकायची, डाव्या बाजूला थुंकायचं, कारण उजव्या बाजूला मशीन असायचं. माझा एक दात त्यानेच तुटला आहे. त्या बाया ओट्यावर का हसल्या ते कळलं.

सगळा मंडप हसला. मला त्यात एवढं हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण ते हसणं कसलं आहे ते मला पाहायचं होतं, आणि मी मागे वळले. तिने नको सांगितलं होतं तरी. माझ्या मागे एक म्हातारा दुपट्ट्याने डोळे पुसत हसत होता. त्याच्या बाजूला बाई, तिच्या मांडीवर पोर. त्यांच्या मागे बाप्यांची रांग होती, आणि मी एकेक चेहरा पाहत गेले, पूर्वी पाहायची तशी. कोणी कोणाला कोपर मारत नव्हता. एकजण शेजाऱ्याला दातांनी सुतळी तोडायची नक्कल करून दाखवत होता.

मी आणखी पाहिलं असतं. पण स्टेजवर ती पुढचं बोलायला लागली होती आणि तिचं एक वाक्य माझं ऐकायचं राहून गेलं, म्हणून मी तोंड पुढे केलं.